कोरी पानं

वालपराइसोच्या टेकडीवर आमची लिफ्ट आहे,
रुळांवरून तिरकी चढणारी, लाकडी, पिवळी.
दोन डबे, एकच दोर.
एक खाली येतो, म्हणून दुसरा वर जातो.
बेलार्मिनोनं हे पहिल्याच दिवशी सांगितलं
आणि मी, एकोणीस वर्षांची, मान डोलावली
जणू कळलंच.

पहिले सहा महिने पान्याला हात लावू दिला नाही.
झाडू दिला.
“आधी फरशी झाड. रात्री काय गळलं
ते फरशीला सगळ्यांच्या आधी कळतं.”
मी झाडायचे. दात-ओठ खात झाडायचे.
खाली बंदरात सीलायन भुंकायचे, दारातून धुकं आत यायचं,
आणि मी मनात म्हणायचे,
तांत्रिक शाळेचा दाखला काय केर भरायला घेतला?

मग वही आली. चौकटीची, गणिताची असते तशी.
“ऐकलंस ते लिही. वाटलं ते नको.”
मी लिहिलं : मोठी कप्पी नीट.
त्यानं खोडलं.
“नीट म्हणजे कशी?”
मी लिहिलं : मोठी कप्पी चौथ्या फेरीला एकदा कुरकुरली,
जिन्यावर झोपेत कूस बदलणाऱ्या कुत्र्यासारखी.
बराच वेळ बघत राहिला.
“कुत्रं काढ. बाकी असू दे.”

दोर असा तपासायचा :
सुती फडकं सैल धरायचं दोराभोवती
आणि डबा सावकाश सोडायचा.
तार तुटलेली असेल तर ती फडक्याला धरते.
बहुतेक दिवशी काहीच धरत नाही.
तरी आपण धरायचं.

तीन वर्षांनी, एका मंगळवारी, पावणेसातला,
धरलं.
केसाएवढी तार. नियमात चालण्यासारखी.
वहीत लिहिलं : खालून बेचाळीस मीटर, एक.
आणि लिफ्ट सुरू केली.
शाळेची मुलं वर गेली, एदुविखेसबाई पावाची टोपली घेऊन
खाली आल्या, आणि नेहमीसारख्या म्हणाल्या,
आज फार हळू चालवतेस ग.

त्या संध्याकाळी बेलार्मिनोनं कपाटातून जुनी वही काढली.
मधली अकरा पानं कोरी, प्रत्येकावर फक्त तारीख.
“माझी आहे.”
काय झालं होतं?
“काही नाही. बायकोशी अबोला होता. मन लागत नव्हतं.”
आणि लिफ्ट?
“चालली की. अकराही दिवस.
काहीच झालं नाही,
म्हणून तर बाराव्या दिवशीही लिहावंसं वाटेना.”
वही मिटली. थर्मासचं झाकण दोनदा घट्ट केलं.
डोळ्यात तेल घालून काम करणारा माणूस
पहिल्यांदाच डोळे पुसताना दिसला.
वंगणाच्याच फडक्यानं.
मी दुसरीकडे पाहिलं.

आता तो घरी असतो, टोमॅटो लावतो.
त्याची खुर्ची मला मिळाली. वर आले, असं लोक म्हणतात.
मला तो पहिला दिवस आठवतो, आणि मी गप्प बसते.

परवा कंपनीनं प्रशिक्षक पाठवला, निळ्या शर्टातला.
पडद्यावर बाण वर वर जात होते.
बिस्किटं चांगली होती. त्याचं सगळंच काही खोटं नव्हतं,
रोज थोडं थोडं, म्हणाला, तेव्हा मी मान वर केली.
शेवटी फॉर्म : पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?
अजून भरलेला नाही. तेलाचा डबा त्यावर ठेवला होता,
गोल डाग पडलाय, नेमका उत्तराच्या जागी.

आन्सेल्मो नवा आलाय. फरशी झाडतो, नाकपुड्या फुगवून.
त्याला काही सांगत नाही.
फक्त वही उघडी ठेवते, त्याला दिसेल अशी.
गेल्या शुक्रवारचं पान कोरं आहे.
घरी जायची घाई होती, दुसरं कारण नाही.
तारीख घातली आहे.
मागून भरलेलं नाही.